शकूआत्याचं कुजबुजतं इंग्रजी

माझी शकूआत्या इंग्रजी बोलते ते कुजबुजत. मराठी बोलायला लागली की तिचा आवाज अकोल्याच्या जुन्या शहरातून निघतो आणि मोर्णा नदी ओलांडून पलीकडच्या काठावर ऐकू जातो. पण इंग्रजीचा पहिला शब्द ओठांवर आला रे आला, की ती मान खाली घालते, डोळे बारीक करते आणि समोर पाणवठ्यावर वाघीण आली असावी अशा बेतानं बोलते.

मागच्या दिवाळीत ती आमच्याकडे अमरावतीला आली होती. मी बाजारातून पिशवी घेऊन परतलो. आत्या दारासमोरच खुर्ची टाकून बसलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे, सुनंदाकडे, किंचित झुकून हळूच म्हणाली, "द मेल रिटर्न्स."

मग पिशवीत डोकावली आणि आणखी हळू म्हणाली, "विदाउट कोथिंबीर."

सुनंदा भिंतीला धरून हसली. म्हणजे नर परतला, पण कोथिंबिरीविना. ती राहिली होती हे मला कबूल आहे. पण मी चोवीस वर्षं एका शाळेत इंग्रजी शिकवतो, आणि माझ्याबद्दल इतकं अचूक इंग्रजी वाक्य आजवर कोणी उच्चारलेलं नाही. माझ्या गोपनीय अहवालातसुद्धा नाही.

आत्याचं वय अडुसष्ट. शिक्षण सातवी. तिच्या नागपूरच्या मुलानं तिला मालिका बघायला म्हणून मोठा टीव्ही आणून दिला. आत्यानं मालिका आठवडाभर पाहिल्या, "याहीच्यापेक्षा आपल्या घरचे भांडनं बरे," असा निकाल दिला आणि एके दिवशी ती निसर्गाच्या इंग्रजी व्हिडिओंवर जाऊन बसली ती कायमची. त्या व्हिडिओंत एक गृहस्थ बोलतात. दिसत कधीच नाहीत. जनावर बिचकेल म्हणून की काय, आवाज कायम हलका. आत्यानं इंग्रजी त्यांच्याकडूनच ऐकलं, त्यामुळे इंग्रजी ही भाषाच हळू बोलायची असते, असं तिचं मत झालं.

"आत्या, इंग्लंडात लोक बाजारात चांगले ओरडून बोलतात," मी म्हणालो.

"तू गेल्ता?"

"नाही."

"मंग?"

विषय संपला. आत्याशी वाद घालताना माझा विषय नेहमी असाच संपतो.

आता तिच्या वहीबद्दल सांगायला हवं, कारण वहीशिवाय आत्या समजत नाही. चाळीस वर्षं ही बाई आमच्या सगळ्या गणगोतातल्या सोयरिकी जुळवत आली. वलगाव म्हणू नका, चांदूर रेल्वे म्हणू नका, कुठल्या घरात कोणाची पोरगी उपवर आहे, हे त्या पोरीच्या बापाआधी आत्याला माहीत. त्यासाठी तिच्याकडे निळ्या पुठ्ठ्याच्या जाड वह्या. पानाला एक माणूस. नाव, मूळ गाव, शिक्षण, रंग, उंची, मामेकुळ, नातेवाईक, अपेक्षा. माझंही पान त्यात आहे. 'अपेक्षा' पुढं तिनं माझ्या वतीनं 'काही नाही' लिहून टाकलेलं आणि समासात बारीक अक्षरात 'विसराळू'. सुनंदानं लग्नाआधी ते पान वाचलं होतं म्हणे. तरी हो म्हणाली.

पुढं मोबाइल आले. पोट्टे-पोट्टी आपापलं बघायला लागले. आत्याच्या दोन वह्या कोऱ्याच राहिल्या.

मग एक दिवस देवमाशाचा व्हिडिओ संपला आणि पुढचा आपोआप लागला तो इंग्रजी भाषेच्या इतिहासाचा. कोणता शब्द कुठून आला, वाटेत कुठं मुक्काम केला, कोणत्या देशात जाऊन त्याचं नाव बदललं. आत्यानं तो सबंध पाहिला आणि मला शाळेत फोन केला. मी नववीच्या वर्गावर होतो.

"बाळ्या! इंग्रजी शब्दाहीलेबी माहेर असते! मले कावून नाई सांगतलं तू?"

मी बावन्न वर्षांचा आहे. नववीच्या पोरांसमोर मला कोणी बाळ्या म्हणू नये अशी माझी एक साधी इच्छा असते. पण आत्याचा आवाज फोनमधून दोन बाकांपर्यंत सहज जातो.

त्या दिवसापासून कोऱ्या वह्या भरायला लागल्या. पानाला एक शब्द. रकाने तेच. मी स्वतः पाहिलेलं एक पान देतो: 'नाव: ऑरेंज. माहेर: इकडचंच, दक्षिणेकडे कुठंतरी. पहिलं सासर: इराण. मग अरबस्तान, स्पेन, फ्रान्स, शेवटी इंग्लंड. रंग: नावाप्रमाणे. नातेवाईक: नारिंगी (सख्खी बहीण, गावातच राहिली). अपेक्षा: पुढं ॲन पाहिजे, नुसता अ चालत नाही.'

हे पान लिहून झाल्यावर तिला राहवलं नाही. तिच्या दिरांची वरूडला संत्र्याची बाग आहे. तिथं फोन लावला. "भाऊजी, तुमच्या बागेत जे लागून राह्यलं ना, ते आपल्याकडचीच पोरगी हाये. जग फिरून, नाव बदलून इंग्रजीत गेली."

पलीकडून आवाज आला, "वैनी, तोड चालू हाये, ट्रॅक्टर उभा हाये. पोरगी कोनाची ते संध्याकाळी सांगजा, पाहू."

त्यांनी खरंच सोयरीक समजून संध्याकाळी परत फोन केला. मुलगा दाखवायला तयार होते.

एकदा मी तिला मोठेपणानं म्हणालो, "आत्या, नाइफ, नी, नॉक, यात के असतो पण तो बोलायचा नसतो. मी पोरांना सांगतो, पाठ करा, कारण विचारू नका."

आत्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अरे, तो के पह्यले बोलत होता. मोठ्यानं बोलत होता. आता म्हातारा झाला. ओसरीवर बसून राह्यते, कोनाले काही म्हनत नाई. पन घरच्याहीनं त्याले काढलं नाई, हे पाह्य. पह्यली जागा त्याचीच."

चोवीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसंच सांगितलं. त्या आठवड्यात नाइफचा के एकाही पोरानं गाळला नाही.

म्हणून मग दिवाळीची सुट्टी संपल्यावर, ती अकोल्याला परतण्याआधी, मी तिला एक दिवस शाळेतच घेऊन गेलो. नववीचा वर्ग म्हणजे आठवडी बाजार. मी रोज ओरडून इंग्रजी शिकवतो, पोरं रोज ओरडून ते ऐकत नाहीत. आत्या फळ्यापाशी उभी राहिली. खिडकीबाहेर कडुलिंबावर एक बुलबुल बसला होता. तिनं नुसतं त्याच्याकडे बोट केलं आणि कुजबुजली, "लुक. ही इज अलोन. ही इज कॉलिंग."

पन्नास पोरं गप्प. शेवटच्या बाकावरची पुढं सरकली. पंख्याची घरघर ऐकू आली, जी मी त्या वर्गात पहिल्यांदाच ऐकली.

दुसऱ्या दिवशी मीही धडा कुजबुजून सुरू केला. एक पोरगी उभी राहिली आणि काळजीनं म्हणाली, "सर, घसा बसला का? सुंठ देऊ?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण आत्याची एक गोष्ट मला कळत नव्हती. तिला घाई होती. रोज साडेचारच्या सुमारास, माझ्या शेवटच्या तासाला, तिचा फोन यायचा. पोरंच सांगायची, "सर, आत्या." फोनवर ती आधी एक आकडा सांगायची.

"बाळ्या, आज एकतीस डाव."

म्हणजे वीस मिनिटांच्या व्हिडिओत, न समजलेल्या शब्दापाशी, तिला एकतीस वेळा व्हिडिओ थांबवावा लागला. मग ती ते शब्द विचारायची, मी व्हरांड्यात उभा राहून अर्थ सांगायचो. महिन्याभरानं एकतीसचे एकोणीस झाले. मग अकरा. दिवाळीनंतर सात. सातावर गाडी अडली. कधी सहा, कधी परत नऊ. नऊ असले की आत्याचा आवाज इतका उतरायचा की नदी सोडा, मलाच नीट ऐकू यायचं नाही.

"वीस मिनिटं," ती म्हणायची. "एकबी डाव न थांबवता. कवा जमन रे?"

"जमेल की. वर्षभरात जमेल. तुला काय परीक्षेला बसायचंय?"

"वर्ष नाई माह्यापाशी. बसाचंच हाये म्हन."

"कुठली परीक्षा?"

"तू शब्द सांग. चौकशी नको करू."

मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. वहीत चाळीस वर्षं लग्नं जुळवली, आता आकडे जुळवते आहे. आणि मग एका संध्याकाळी मला एक मोठा शोध लागला. आत्या बघते तसले व्हिडिओ चक्क हिंदीतही मिळतात! मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की हे फोनवर सांगणं मला पटेना. रविवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि दुपारी आत्याच्या दारात उभा राहिलो. वाटेत आठवणीनं कोथिंबिरीची जुडीही घेतली.

आत्या भाकरी थापत होती. मी शोध जाहीर केला. तिनं भाकरी उलटली.

"पाह्यले ते. हिंदीतला बाप्या लय कल्ला करते. हरीन पानी पिऊन राह्यलं, अन् हा असा बोंबलते जशी कुस्ती लागली. मांगून ढोल. जुबेदाचं डोकं दुखते."

"जुबेदाचं? इथं जुबेदाबी कुठून आली?"

जुबेदाबी म्हणजे आत्याच्या घरासमोरची शिवणकामवाली. आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्यांचे ब्लाउज तिनं शिवले. सुनंदाचा लग्नातलाही. मी लहान असताना तिच्या मशिनखाली बसून चिंध्या गोळा करायचो.

आत्यानं तवा उतरवला. आणि मग तिनं जे सांगितलं ते तिच्या मानानं फारच थोड्या शब्दांत.

जुबेदाबीची नजर चालली आहे. कडेनं अंधार येत येत आता मधात तेवढं गोल राहिलं आहे, चाळणीएवढं. ते किती दिवस टिकेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. नळीतून बघावं तसं बघते, आणि तेही वीस मिनिटं. त्यानंतर डोळ्यांतून पाणी येतं, मग दिवसभर डोळे मिटून बसावं लागतं.

"एक दिवस मले म्हने, शकू, जिंदगीभर कपडाच देखा. उसके उप्पर के फूल, उसके उप्पर के पत्ते, उसके उप्पर के मोर. छाप के मोर हजार काटे मैंने कैंची से. असली क्या देखा? काहीच नाई." आत्यानं पदरानं कपाळ पुसलं. "चाळीस वर्षं माही सुई तिनं ओवून देल्ली. माह्याच्यानं कधी ओवल्या गेली नाई. आता तिचे डोये जाऊन राह्यले, त मी काय हात बांधून बसू? म्हटलं, चाल, डोये हायेत तवरक जग पाहून घेऊ. पन पाहाचं कसं? तो सायेब इंग्रजीत बोलते. मी थांबवते, शब्द पाह्यते, मंग तिले सांगते. इकडं तिचे वीस मिनिटं जाऊन राह्यले. अर्धा येळ बिचारी थांबलेलं चित्र पाह्यते."

मी कोथिंबीर हातात धरून तसाच उभा राहिलो.

"अन् मोर हाये," आत्या म्हणाली. "मोराचा एक व्हिडिओ हाये, पिसारा फुलवाचा. तो मी ठेवून देल्ला. मोर अर्ध्यात थांबवाचा नाई. ज्या दिवशी एकबी डाव थांबवलं नाई, त्याच्या दुसऱ्या दिवशी मोर. असं ठरवलं हाये."

चार वाजता आत्या गल्ली ओलांडून गेली आणि जुबेदाबीला हाताला धरून घेऊन आली. टीव्हीपासून बरोबर चार हातांवर खुर्ची होती. जवळ बसलं तर तेवढ्याशा गोलात चित्र मावत नाही, हे त्या दोघींनी करून करून शोधलं होतं. मी मागं दाराशी पाटावर बसलो. आत्यानं मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. बुलबुलासाठी पन्नास पोरांना गप्प केलं होतं त्याच बोटानं.

व्हिडिओ देवमाशाचा होता. निळं पाणी, आणि त्यात एक डोंगर हळूहळू वर येतो आहे. ते गृहस्थ बोलायला लागले आणि त्यांच्या आवाजाच्या खाली, अगदी लगत, आत्याचा आवाज सुरू झाला. तिला वऱ्हाडीत कुजबुजताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "ही माय हाये, जुबेदा. बाजूले पिल्लू. पिल्लू पह्यल्यांदाच एवढ्या दूर चाल्लं." तो आवाज साहेबांच्या आवाजावर चढत नव्हता, कारण जुबेदाबीला त्यांचा आवाजही आवडतो. इतके दिवस मला वाटत होतं, ही बाई इंग्रजांची नक्कल करते.

जुबेदाबी मान या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत होती, गजानं कापड मोजावं तशी, देवमासा सबंध बघण्यासाठी.

पाच मिनिटं झाली. दहा. आत्या अडखळली की पुढच्या वाक्यात सावरून घ्यायची. रिमोट तिच्या मांडीवर होता आणि अंगठा त्यावर. पंधरा मिनिटं झाली. माझ्या स्वतःच्या बीएडच्या पाठाला पाहत होतो तसा मी सारखा घड्याळाकडे पाहत होतो. सतरावं मिनिट लागलं आणि तेव्हा साहेब म्हणाले, की हा एवढा प्रचंड प्राणी जगतो तो 'क्रिल'वर.

आत्या थांबली. ओठ हलले, शब्द आला नाही. तिनं मान वळवली नाही, पण अंगठा रिमोटवर दाबायला आला हे मला दिसलं.

"झिंगे," मी मागून कुजबुजलो.

"झिंगे, जुबेदा!" आत्या त्याच श्वासात म्हणाली. "करोडो झिंगे. पाह्य, आता तोंड उघडन."

"हाय अल्ला," जुबेदाबी म्हणाली, "इत्ता बड़ा होके झिंगे खाता?"

"खाते. आपल्यासारखे वाळवून नाई, तसेच."

त्या दोघी हसल्या आणि देवमाशानं तोंड उघडलं. अंगठा उचलला गेला. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझं इंग्रजी कोणाच्या कामी आलं असेल, तर ते या एका शब्दापुरतं.

वीस मिनिटं झाली. जुबेदाबीनं ओढणी डोळ्यांवर धरली आणि तशीच बसून राहिली.

"शकू, आज रोका नहीं तूने."

"नाई."

"एक बार भी नहीं."

आत्या उठली, निळी वही काढली आणि नवीन पान उघडलं. 'नाव: क्रिल' लिहून तिनं माझ्याकडे पाहिलं. "माहेर?"

"ते... बघावं लागेल," मी म्हणालो.

"मंग काय शिकवत होता एवढे वर्षं?"

"ये पीछे कौन बोल रहा?" जुबेदाबीनं ओढणीआडून विचारलं.

आत्यानं मान खाली घातली, डोळे बारीक केले. "द मेल," ती कुजबुजली.

"अच्छा, बाळू मास्टर! कोथिंबीर लाया क्या रे?"

म्हणजे तेही इथपर्यंत पोचलं होतं. मी जुडी दाखवली. मग लक्षात आलं की तिचे डोळे मिटलेले आहेत, म्हणून तिच्या हातात दिली. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "असली है."

आत्या तिला गल्लीपलीकडे पोचवून आली. दारात आली, आत यायचं सोडून उंबऱ्यावरच उभी राहिली आणि वळली. समोरचं दार अजून लागलं नव्हतं. आत्यानं छाती भरून श्वास घेतला.

"जुबेदाऽऽ! उद्या मोऽऽर!"

समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. नदीपलीकडच्या काठावरही कोणीतरी मान वर करून पाहिलंच असेल.